पोचा पडलेला तांब्या

आई, "ती मेली न्हाय, ती ऐकायलीय," असं तू म्हणालीस तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात खांबाला धरून उभी होते. तुझ्या पायाशी एक तांब्या गडगडत गेला होता आणि फरशीवर पाण्याचा ओहोळ पसरला होता. काल दुपारी हेच वाक्य मला फोनवर ऐकू आलं. येरमाळ्याकडच्या एका केंद्रात नुकतीच रुजू झालेली माझी विद्यार्थिनी बोलत होती. नाग चावला म्हणून एका म्हाताऱ्याला शेतातून आणलं होतं, त्याच्या पापण्या पडल्या, मान लुळी झाली आणि घरच्यांनी तांब्या पुढे केला. ती म्हणाली, "मॅडम, मी तांब्या बाजूला केला. म्हटलं, आजोबा ऐकायलेत, कुणी रडू नका." मी विचारलं, आता कसे आहेत. "डोळे उघडलेत. बिडी मागायलेत." तिला माहीत नाही हे वाक्य कुणाचं आहे. वर्गात मी 'एक सिस्टर होत्या' एवढंच म्हणते. म्हणून तुला लिहावंसं वाटलं, की तुझं वाक्य अजून नोकरीवर आहे.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो, आणि जिथं आठवत नाही तिथं तुझ्याकडून ऐकलेलं मी भरून घेतलं आहे. उन्हाळा लागलेला. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी केंद्रातच तुझ्या टेबलाखाली अभ्यास करत असे. डॉक्टर तालुक्याला, लोहाऱ्याला, मीटिंगला गेले होते. बैलगाडीतून माणसं आली. वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली एक सून, कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना तिच्या हाताला नाग चावला होता. आधी ती चालत होती, बोलत होती, तिनं तुला स्वतःच जखम दाखवली. तू कपाटातून सापाच्या विषावरच्या लशीच्या होत्या तेवढ्या दोन कुप्या काढल्या, सलाइनमधून सुरू केल्या आणि शिपायाला जीप बघायला पिटाळलंस. तो म्हणाला, डॉक्टरांची सही? तू म्हणालीस, सही उद्या पण मिळंल, ही उद्या मिळायची न्हाय. जीप मिळेपर्यंत तिच्या पापण्या खाली आल्या. मग मान. मग तोंडातून लाळ गळायला लागली, कारण तिला गिळता येईना. सगळ्यांना वाटलं, संपलं. तिची सासू मोठ्या धीराची बाई. तिनं रडणं आवरलं, कुणाला तरी सुनेच्या गळ्यातलं डोरलं काढून घ्यायला सांगितलं, आणि तांब्यात तुळशीचं पान टाकून पुढं झाली. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं, तहानलेला जाऊ द्यायचा नाही. आपल्याकडे एवढं तर शत्रूसाठीही करतात.

आणि तू तो तांब्या हाताच्या फटक्यानं उडवलास.

मी तुला तोवर कधी कुणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. तू ते वाक्य म्हणालीस, मग खाली वाकून सुनेच्या कानाशी बोललीस, "बाई, ऐकू येत असलं तर करंगळी हलव." आम्ही सगळे त्या करंगळीकडे बघत होतो. नखावर मेहंदीचा रंग होता. ती इतकी कमी हलली, की मला वाटलं मला भास झाला. पण सासू मटकन खाली बसली, म्हणजे तिलाही दिसलं होतं.

जीपमध्ये मागच्या बाकड्यावर तिला निजवलं. तिचा नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी, तू गुडघ्यावर तिच्या डोक्याशी, आणि मी. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तू मला बरोबर घेतलंस, असं तू नंतर सांगायचीस. मला ते कधीच खरं वाटलं नाही, कारण गाडी सुटायच्या आत तू माझी बोटं तिच्या मनगटावर ठेवली होतीस. "हितं ठोका लागतोय का? तेवढाच मोजायचा. थांबला तर सांगायचं, रडायचं न्हाय." लोहारा मागं पडलं तेव्हा तिची करंगळी थांबली. थोड्या वेळानं छाती वरखाली होईना. तू डब्यातून श्वास द्यायची रबरी पिशवी काढलीस. ती कोरी होती, तिचा वास मला आजही येतो. तिच्या तोंडावर मुखवटा दाबून धरून तू ती पिशवी दाबू लागलीस. दाबली की छाती फुगे, सोडली की बसे. हात पडलेले, पाय पडलेले, पापण्या मिटलेल्या, श्वाससुद्धा तुझ्या हाताचा. आणि माझ्या बोटांखाली मात्र तिचं काळीज टक टक टक चाललं होतं, जसं काही घडलंच नाही. मला तेव्हा त्याची भीती वाटली, आई. सगळं घर झोपलंय आणि आत कुणीतरी एकटं जागं आहे, असं वाटलं.

तू सबंध वाटभर तिच्याशी बोलत होतीस. आता पूल आला. आता शेरडं आडवी आलीत, म्हणून गाडी थांबली, घाबरू नको. तुझा नवरा पुढं बसलाय, लई रडायलाय, बरी झालीस की त्याला बोल लाव. तुळजापूर आलं तेव्हा म्हणालीस, "हात जोडायला येत न्हायत, तर मनातल्या मनात जोड. आईला चालतंय." तिथून पुढं तुझे हात वळायला लागले. बोटं आखडून नखं पांढरी पडली. तू मला म्हणालीस, ठोका सोड, आता हितं ये, मी एक म्हणलं की दाब, दोन म्हणलं की सोड. उस्मानाबाद येईपर्यंत आपण आळीपाळीनं ते केलं. हल्ली त्याला सरकारीही धाराशिव म्हणतात, मी तुझ्या वेळचंच नाव लिहिते. आता मी तिथंच, मोठ्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. त्या फाटकासमोरून जाताना माझे अंगठे आपोआप आत वळतात.

तिथल्या डॉक्टरांनी लस चालू केली आणि दोन इंजेक्शनं मागवली. आधी एक दिलं, मग दुसरं. अर्ध्या तासानं तिची डावी पापणी थरथरली आणि वर गेली. पूर्ण नाही, नखाच्या कडेएवढी फट. तिनं तुझ्याकडे बघितलं. तू मात्र तिच्याकडे न बघता डॉक्टरांना विचारत होतीस, सर, दुसऱ्या इंजेक्शननं पापणी उघडली, मग आधीचं कशासाठी? दोन-अडीच तास पिशवी दाबून आलेली बाई हे विचारते आहे याचं त्यांना नवल वाटलं असावं. ते तुला व्हरांड्यात घेऊन गेले, आणि तू लगेच माझा हात धरून मलाही ओढलंस. मला त्यातलं काही कळलं नाही. तू पदराच्या टोकाला गाठ मारलीस, तुला काही विसरायचं नसलं की मारायचीस तशी.

ती गाठ तू दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सोडलीस. केंद्राच्या क्वार्टरमधलं ते अरुंद स्वयंपाकघर, रॉकेलचा स्टोव्ह, परातीत ज्वारीचं पीठ. तुझे हात इतके दुखत होते, की भाकरी थापताना तू दर थापेला ओठ चावत होतीस. मी विचारलं, तिचे हात मेले होते तर काळीज कसं चालत होतं? दारात वडील, आपले अण्णा, नेहमीप्रमाणे अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. तू त्यांच्याकडे बोट केलंस.

समज, तू म्हणालीस, कुणीतरी आपल्या दारात निरोप घेऊन आलं, की पाहुणे निघालेत. म्या निरोप ऐकला की उठते, स्टोव्ह पेटवते. निरोप न्हाय आला तर म्या बसूनच. आपले हात-पाय, पापण्या, श्वासाचे स्नायू, समदे माझ्यावाणी. मेंदूकडनं निरोप आल्याबिगर हलत न्हायत. आता तुझे अण्णा बघ. निरोप येवो न येवो, त्यांचा अडकित्ता आपला चालूच. काळीज तसं हाय. त्याची चाल त्याच्याच अंगात हाय. पाहुणे येणार हे कानावर पडलं की अण्णांचा हात कसा होतो? मी म्हटलं, सावकाश होतो. "व्हय. निरोप तोच, निरोप्या तोच. म्या उठते आन् ते हळू होत्यात." नागाच्या विषानं माझ्या दाराला बाहेरून कडी घातली, निरोप्या दारात उभा, पण म्या ऐकणार कुठनं? डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं त्यानं निरोप्ये परत जायचे थांबले. दारात गर्दी झाली, लई बडवाबडवी झाली, तवा कुठं कडी निसटली आन् पापणी उठली. पण तेवढीच गर्दी अण्णांच्या कानाशी झाली तर? हळू होता होता अडकित्ता थांबायचा. "म्हणून आधी अण्णांच्या कानात कापसाचा बोळा. ते पहिलं इंजेक्शन." अण्णा दारातून म्हणाले, "बोळे घालून पंधरा वर्षं झाली, म्हणून तर टिकलोय." तू हसताना भाकरी तुटली.

मी पुढे शिकले. त्या निरोप्याचं नाव ॲसिटिलकोलीन, तुझ्या कापसाच्या बोळ्याचं नाव ॲट्रोपिन, दारात गर्दी करणाऱ्या औषधाचं निओस्टिग्मिन. हाताच्या स्नायूवरचं दार वेगळ्या घडणीचं असतं आणि काळजावरचं वेगळ्या, म्हणून एकच पदार्थ एकाला आवळतो आणि दुसऱ्याला शांत करतो, आणि म्हणून बोळा घातला तरी हाताचं दार उघडंच राहतं. काळजाची चाल वाढवायला दुसरा निरोप्या लागतो, भीतीच्या वेळी धावत येणारा. जीपमध्ये तुझ्या काळजाशी तो नक्की आला असणार. तू मला कळू दिलं नाहीस. जाड इंग्रजी पुस्तकांत मी हे सगळं वाचलं आणि एकाही पानावर मला तुझी चूक सापडली नाही. सापडावी म्हणून मी शोधलीही होती, कारण तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि आपल्या आईला सगळं बरोबर कळतं हे त्या वयात सोसत नाही. आज मी नर्सिंगच्या मुलींना हेच शिकवते, अडकित्त्यासकट. एकीनं परीक्षेच्या पेपरात लिहिलं होतं, 'ॲट्रोपिन हे हृदयातील अण्णांवर काम करते.' मी तिला पूर्ण गुण दिले आणि समासात लिहिलं, नाव बदल. दुसरी एक वर्गात म्हणाली, "मॅडम, म्हणजे हृदय सरकारी नोकरीत नाही. वरून आदेश आला नाही तरी काम करतंय." तू असतीस तर तिला चहा पाजला असतास.

गावानं तुला लगेच माफ केलं असं नाही. सून दवाखान्यात होती ते दहा-बारा दिवस लोक म्हणत होते, सिस्टरबाईनं मरणाऱ्याच्या तोंडचं पाणी तोडलं. हापशावर बायका तुला बघून घागर बाजूला सरकवायच्या. तू पुढे होऊन घागर भरायचीस आणि घरी आल्यावर खालीच बघून बोलायचीस. मग ती सून चालत परत आली. येऊन आधी काय सांगितलं, तर तिला सगळं ऐकू येत होतं. सिस्टरबाईंचा आवाज, रस्त्यातली शेरडं, तुळजापूर. आणि त्याच्याही आधीचं. "आत्याबाई, डोरलं काढून घ्या म्हणलात ते पण म्या ऐकलंय बरं का." त्या घरात सासूनं त्यानंतर कधी आवाज चढवला नाही असं म्हणतात. सासू एका सकाळी आपल्या दारात आली. हातात तोच तांब्या, पोटाला मोठा पोचा पडलेला. म्हणाली, "ह्यो तुझ्यामुळं वाकडा झाला. आता तूच ठेव, माझ्याच्यानं ह्यात पाणी पिवत न्हाय." तू तो दोन्ही हातांनी घेतलास. चहा झाला, ती गेली. त्यानंतर केंद्रात येणारे म्हातारे तुझी थट्टा करायचे, "सिस्टरबाई, उभा ऱ्हाऊन पाणी मागायलोय, आता तरी द्या." तू त्याच तांब्यातून द्यायचीस.

मला माहीत आहे, तू इथवर वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, कौतुक झालं, आता पुढचं सांग. पुढचं तुझ्या शेवटच्या चार दिवसांचं आहे, आणि त्या चार दिवसांत तू बोलू शकत नव्हतीस.

तुला लकवा झाला तेव्हा अण्णा जाऊन काही वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकातून नळी घातली होती. मी रजा टाकून तुझ्या उशाशी होते आणि तुझ्याशी बोलत होते, खिडकीबाहेर काय दिसतं ते सांगत होते, कारण तू शिकवलंस तेच मला येत होतं. चौथ्या दिवशी दुपारी मावशी आली. तुझी धाकटी बहीण, तुझ्याहून हळवी. तिनं पिशवीतून तांब्या काढला. तोच. तुझ्या घरून मुद्दाम घेऊन आली होती. त्यात तुळशीचं पान होतं. मी तिचा हात धरला. म्हटलं, मावशी, नको, ठसका लागेल, पाणी छातीत जाईल. ती म्हणाली, "अगं, ती शिकवण जगणाऱ्यासाठी होती." मी हात सोडला नाही. कापसाचा ओला बोळा तुझ्या ओठांवरून फिरवला, नियमात बसतं तेवढंच. मावशी तांब्या मांडीवर घेऊन बसून राहिली. दोन तासांनी तू गेलीस. तुझं मनगट माझ्या बोटांखाली होतं. थांबलं तर सांगायचं, रडायचं नाही. मी सांगितलं.

मावशीनं मला कधी बोल लावला नाही. सगळ्यांना वाटलं, लेक आईच्याच वळणावर गेली, नियमाची पक्की. तेराव्याला एक-दोघी तसं म्हणाल्याही, आणि मी ते ऐकून घेतलं. पण आई, ते खरं नव्हतं. मावशी आली तेव्हा तुझ्या नाडीला आपली चाल उरली नव्हती. दोन ठोके येत, एक गळे, मग मोठी जागा. हजार वेळा शिकवलेली गोष्ट होती ती, मला कळत होतं. तुला ठसका लागण्याची भीती मला नव्हती. पाणी दिलं असतं तर तू चाललीस हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते मला करायचं नव्हतं. तू तांब्या उडवलास तो एका जिवासाठी. मी तुझा तांब्या अडवला तो माझ्यासाठी. एवढंच सांगायचं होतं. इतकी वर्षं ते मी तुझ्या वाक्याच्या आड लपवलं, आणि काल त्या पोरीनं ते वाक्य इतकं स्वच्छ वापरलं, की मला लपायला जागा उरली नाही.

तिचा आज सकाळी परत फोन आला होता. आजोबांना उद्या घरी सोडणार आहेत. रात्री त्यांची म्हातारी तिला विचारत होती, आता पाणी पाजलं तर चालंल का? तिनं आधी त्यांना उठवून बसवलं, एक चमचा देऊन बघितला, मग म्हणाली, चालेल. मी म्हटलं, शाबास. तुझ्याकडून ऐकायचा राहिलेला तो शब्द मी वर्गात फार वापरते.

हे कागद टपालात टाकायचे नाहीत. तांब्यात घडी करून ठेवीन म्हटलं, पण तांब्या आत्ता भरलेला आहे, टेबलावर माझ्या पुढ्यात. पोचा माझ्याकडे केलाय, पाण्यात तुळशीचं पान आहे. तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. म्हणशील, गेलेल्याला कसलं पाणी पाजतीस, जा, जास्वंदीला घाल, उन्हानं वाळायलीय. तरी विचारते, आई. एक घोट घेशील?